होम्सच्या छायेतील नट

१९४६ साली हॉलिवुडमधील एका यशस्वी नटाने आपल्यापुढे आलेला करार नाकारला. पैशाच्या दृष्टीने तो किफायतशीर होता, काम अंगवळणी पडलेले होते आणि प्रेक्षक त्या कामावर लुब्ध होते. सात वर्षांतील चौदा चित्रपट आणि नभोवाणीवरील दोनशेहून अधिक श्रुतिका एवढा मोठा पसारा ज्या एका भूमिकेच्या आधारावर उभा राहिला होता, ती भूमिका त्याने एका नकारासरशी टाकून दिली. त्याचे व्यवहार पाहणारे प्रतिनिधी नाराज झाले, जिवलग सहकलाकार दुखावला गेला. नटाने मात्र हॉलिवुडमधील बिऱ्हाड मोडले आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीची वाट धरली. त्या नटाचे नाव बॅझिल रॅथबोन आणि त्याने टाकलेली भूमिका शेरलॉक होम्सची. त्यानंतरची एकवीस वर्षे तो होम्सपासून दूर जाण्यासाठी धडपडत राहिला. होम्सने मात्र त्याची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन, तिथले दाट धुके, गॅसच्या दिव्यांचा पिवळसर उजेड, फरसबंदी रस्त्यांवरून टापा वाजवीत जाणाऱ्या घोडागाड्या आणि त्या साऱ्यातून वाट काढीत निघालेली एक उंच, सडपातळ, गरुडनाकाची आकृती हे चित्र आज जगभरच्या रसिकांच्या मनात पक्के बसलेले आहे. ते घडविण्यात कॉनन डॉयल यांच्या लेखणीचा वाटा पहिला, हे निर्विवाद. परंतु पडद्यावर त्याला देह आणि आवाज दिला तो रॅथबोनने. अशा नटाला स्वतःची ही निर्मिती नकोशी का व्हावी, आणि नकोशी झाल्यावर ती टाकून देण्याचा हक्क त्याला होता की नाही, हा प्रश्न एका व्यक्तीपुरता नाही. लोकप्रियतेच्या व्यवहारात कलावंताच्या हाती काय उरते, याचा हिशेब त्याच्या आयुष्यात मांडलेला दिसतो.

हेराचा मुलगा आणि सैनिक

रॅथबोनचा जन्म १३ जून १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे झाला. होम्सच्या कथांचा पहिला संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तोही नेमका याच वर्षी. वडील एडगर हे खाण-अभियंता होते, आई ॲना व्हायोलिनवादक. सोन्याच्या खाणींमुळे ट्रान्सवालमध्ये बोअर सत्ताधीश आणि इंग्रज यांच्यात वितुष्ट विकोपाला गेले होते. १८९५च्या अखेरीस जेम्सनने ट्रान्सवालवर केलेली फसलेली स्वारी ही त्याचीच परिणती. त्या धामधुमीत एडगर रॅथबोन यांच्यावर ब्रिटिशांचे हेर असल्याचा संशय घेण्यात आला आणि कुटुंबाला जीव मुठीत धरून इंग्लंड गाठावे लागले. त्या वेळी बॅझिल जेमतेम तीन वर्षांचा होता. पुढे पडद्यावर हेरांचा माग काढणाऱ्या या माणसाच्या आयुष्याचा प्रारंभ हेरगिरीच्या आरोपातून झालेल्या पलायनाने व्हावा, यात नियतीचा काही खोडकरपणा असावा.

व्हिक्टोरिया राणी १९०१च्या जानेवारीत निवर्तली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. म्हणजे ज्या युगाचा तो पुढे प्रतिनिधी ठरला, त्याचा अस्त त्याने बालपणी पाहिला होता. त्या युगाची शिस्त, त्याचे अदबीचे उच्चार, भावना आवरून धरण्याची रीत हे संस्कार त्याला घरातून आणि रेप्टन येथील शाळेतून मिळाले. मुलाने नट व्हावे ही कल्पना वडिलांना रुचणारी नव्हती. त्यांच्या समाधानासाठी त्याने एका विमा कंपनीत वर्षभर कारकुनी केली. त्यानंतर नात्यातील फ्रँक बेन्सन यांच्या फिरत्या नाटक मंडळीत तो दाखल झाला. शेक्सपिअरची नाटके गावोगाव करीत हिंडणारी ही मंडळी म्हणजे त्या काळच्या इंग्रज नटांची पाठशाळाच होती. १९११च्या एप्रिलमध्ये इप्सविच येथे 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकातील एका दुय्यम भूमिकेत तो प्रथम रंगमंचावर उभा राहिला.

पहिल्या महायुद्धाने हा क्रम तोडला. रॅथबोन प्रथम लंडन स्कॉटिश पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे चित्रपटसृष्टीत नाव काढणारे रोनाल्ड कोलमन, क्लॉड रेन्स आणि हर्बर्ट मार्शल हेही याच पलटणीचे सैनिक. अधिकारपद मिळाल्यावर तो लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीत टेहळणीचे काम पाहू लागला. शत्रूच्या खंदकांची टेहळणी रात्री करण्याचा रिवाज होता. भर दिवसा, अंगाला झाडपाला बांधून, निर्मनुष्य पट्ट्यातून सरपटत जावे म्हणजे अधिक दिसेल, अशी कल्पना त्याने मांडली आणि ती स्वतःच अमलात आणली. त्याबद्दल १९१८ साली त्याला 'मिलिटरी क्रॉस' हा शौर्याचा सन्मान मिळाला. परंतु त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ जॉन रणांगणावर मारला गेला होता. बक्षिसाचा आनंद आणि भावाचा मृत्यू यांची अशी गाठ पडलेला तरुण युद्धानंतर रंगभूमीवर परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक कोरडा कठोरपणा आला असेल, तर त्यात नवल नाही. दिग्दर्शकांना त्याच्यात खलनायक दिसला तो पुढे याच कठोरपणामुळे.

तलवारबाज खलनायक

१९१९ साली तो शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, रोमिओ आणि कॅशियससारख्या भूमिका करू लागला. १९२०मध्ये 'पीटर इबेटसन' या नाटकाने लंडनमध्ये त्याचे नाव झाले आणि १९२३मध्ये 'द स्वान'ने न्यूयॉर्कमध्ये. पहिला विवाह टिकला नव्हता. १९२६ साली त्याने चित्रपटकथालेखिका उइडा बर्जेरे हिच्याशी दुसरा विवाह केला. तो अखेरपर्यंत टिकला. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या 'द कॅप्टिव्ह' या नाटकात स्त्रीला स्त्रीविषयी वाटणाऱ्या प्रेमाचा विषय होता. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९२७मध्ये त्यावर धाड घातली, नटवर्गाला अटक केली आणि नाटक बंद पाडले. अटक झालेल्यांत रॅथबोनही होता. भूमिका निवडताना धोका पत्करण्याची त्याची तयारी या प्रसंगातून दिसते. पुढे कॅथरिन कॉर्नेल या श्रेष्ठ अभिनेत्रीबरोबर त्याने अमेरिकाभर दौरा केला. त्यात तो व्हिक्टोरियाकालीन कवी रॉबर्ट ब्राउनिंगची भूमिका करी. १९३४मध्ये तिच्याच ज्यूलिएटसमोर तो रोमिओ म्हणून उभा राहिला.

चित्रपटांनी मात्र त्याला प्रेमिक मानले नाही. १९३५ हे एकच वर्ष घेतले, तरी 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधील पोरक्या मुलाला छळणारा सावत्र बाप मर्डस्टोन, 'ॲना कॅरेनिना'मधील ग्रेटा गार्बोचा निष्ठुर पती, 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधील मदांध उमराव आणि 'कॅप्टन ब्लड'मधील समुद्री चाचा ही सगळी माणसे त्यानेच रंगविली. तलवार चालविण्यात हॉलिवुडमधील थोडेच नट त्याच्या तोडीचे होते. पण 'कॅप्टन ब्लड'मध्ये आणि १९३८च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये त्याला एरल फ्लिनच्या हातून मरावे लागले. १९४०च्या 'द मार्क ऑफ झोरो'मध्ये टायरन पॉवरने त्याला मारले. उत्तम तलवारबाजाने कच्च्या गड्यांकडून हरत राहावे, हा चित्रपटांचा न्याय! 'रोमिओ अँड ज्यूलिएट'मधील टिबॉल्ट (१९३६) आणि 'इफ आय वेअर किंग'मधील अकरावा लुई (१९३८) या भूमिकांसाठी सहायक अभिनेत्याच्या ऑस्करकरिता त्याचे नामांकन झाले. दोन्ही वेळा पुतळा नेला तो वॉल्टर ब्रेननने.

अशा वेळी १९३९ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या संस्थेने त्याला शेरलॉक होम्सच्या भूमिकेसाठी बोलावले. ही भूमिका त्याला बेडी म्हणून मिळाली नव्हती. दुष्ट उमराव आणि निर्दय नवरे रंगवून कंटाळलेल्या नटाला ती सुटकेसारखी वाटावी अशीच होती. बुद्धिमान, न्यायाची चाड असलेला, प्रेक्षकांना हवाहवासा वाटणारा नायक त्याच्या वाट्याला आला. एका साच्यातून सोडविणाऱ्या भूमिकेनेच दुसरा साचा घडविला, हे कळायला काही वर्षे जावी लागली.

हरवलेल्या युगाचे पुनरागमन

होम्स पडद्यावर येण्याची ही पहिली वेळ नव्हे. रंगभूमीवर होम्स गाजविलेल्या विल्यम जिलेटचा मूकपट १९१६मध्ये आला होता. १९२१ ते १९२३ या काळात आयली नॉरवुडने सत्तेचाळीस मूकपटांतून होम्स उभा केला. बोलपट आल्यावर आर्थर वाँटनरने १९३१ ते १९३७ या काळात पाच चित्रपट केले. परंतु यांतील बहुतेक निर्मात्यांनी होम्सला आपल्याच काळात आणून बसविले होते. त्यांच्या होम्सभोवती मोटारगाड्या धावत आणि टेलिफोन खणखणत. त्यात त्यांना वावगे वाटले नाही, कारण डॉयलची पहिली होम्सकथा १८८७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तीही त्यांच्या वाचकांच्या चालू काळातलीच होती. तार, आगगाडी, सकाळचे वृत्तपत्र ही त्या होम्सची आधुनिक साधने. नायक समकालीन, तेव्हा चित्रपटही समकालीन, असे ते साधे गणित होते.

फॉक्सने हे गणित उलटे केले. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' हा चित्रपट ३१ मार्च १९३९ रोजी झळकला तो व्हिक्टोरियाकालीन वेशभूषा आणि वातावरण घेऊन. डार्टमूरचे ओसाड माळरान स्टुडिओच्या छताखाली उभारण्यात आले, त्यावर कृत्रिम धुके पसरविण्यात आले आणि त्या धुक्यातून त्या भयंकर कुत्र्याचे भुंकणे ऐकू येऊ लागले. श्रेयनामावलीत पहिले नाव होते तरुण नायक रिचर्ड ग्रीनचे, रॅथबोनचे दुसरे. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांना मात्र होम्सच आठवत होता. सिडनी पॅजेटने 'स्ट्रँड' मासिकासाठी काढलेल्या चित्रांतील तीक्ष्ण कडेचा चेहरा जिवंत होऊन बोलू लागला होता. शब्दांची फेक वेगवान आणि स्वच्छ होती. मन दुसरीकडे आणि नजर समोरच्याच्या बुटांवरील चिखलावर, ही होम्सची लकब रॅथबोनने कोणताही देखावा न करता साधली होती. होम्सच्या कोकेनच्या व्यसनाचा ओझरता उल्लेखही, त्या काळची कडक चित्रपटसंहिता असताना, शेवटच्या क्षणी राहून गेला होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' आला. त्यात जॉर्ज झुकोने प्राध्यापक मॉरियार्टी रंगविला आणि रॅथबोनने वेषांतर करून गाणाऱ्या विदूषकी गायकाचा एक झकास प्रवेश केला. त्याच महिन्यात युरोपात दुसऱ्या महायुद्धाचा भडका उडाला. रॅथबोनने सैन्यात पुन्हा दाखल होण्याची तयारी दाखविली, परंतु वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला कोणी घेईना. गुन्हा कितीही भयानक असो, एक तर्कनिष्ठ माणूस अखेर त्याचा उलगडा करतो आणि जग पूर्ववत होते, असे आश्वासन हे दोन चित्रपट देत होते. ते आश्वासन प्रत्यक्ष जगातून नाहीसे होत असताना प्रेक्षकांना त्या जुन्या लंडनची ओढ लागली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. व्हिक्टोरियन युग फार सुखाचे होते असे नव्हे. लंडनमधील दारिद्र्य आणि साम्राज्यातील अन्याय डॉयल यांच्या कथांतही डोकावतात. वॉटसन अफगाण युद्धात जखमी होऊन आलेला आहे, 'द साइन ऑफ फोर'मधील खजिना १८५७च्या धुमाळीत आग्ऱ्याहून पळविलेला आहे. पण दूर गेलेले युग धुक्यातून पाहिले की त्याच्या कडा मऊ होतात.

कारखान्यातील होम्स

फॉक्सने दोन चित्रपटांवर थांबायचे ठरविले. १९४२ साली युनिव्हर्सल स्टुडिओने डॉयल यांच्या वारसांकडून हक्क घेतले आणि होम्सला थेट चालू महायुद्धात उतरविले. आता तो नाझी हेरांचा पाठलाग करू लागला. या मालिकेच्या पहिल्याच चित्रपटात होम्स आपल्या कानपट्ट्यांच्या शिकारी टोपीकडे हात नेतो आणि ती न घालण्याचे वचन दिल्याची आठवण वॉटसन त्याला करून देतो. प्रेक्षकांसाठी ती एक गंमत होती. नटाच्या दृष्टीने पाहिले, तर एका युगाचा निरोप होता. पुढे युद्धाचा विषय मागे पडला. 'द स्कार्लेट क्लॉ' आणि 'द पर्ल ऑफ डेथ' या १९४४च्या आणि 'द हाउस ऑफ फिअर' या १९४५च्या चित्रपटांत वर्तमानकाळ नावापुरता उरला. ओसाड पाणथळ, जुनाट वाडे, दलदलीवरचे धुके आणि खिडकीत हलणारी मेणबत्ती यांनी व्हिक्टोरियन वातावरण मागच्या दाराने परत आणले.

या बारा चित्रपटांपैकी अकरांचे दिग्दर्शन रॉय विल्यम नील याने केले. प्रत्येक चित्रपट तास-सव्वा तासाचा, कमी खर्चातला, झटपट उरकलेला. दुहेरी खेळात दुसऱ्या क्रमांकाला दाखवायचा हा माल. स्टुडिओच्या भयपटांसाठी उभारलेले नेपथ्य त्यांत पुन्हापुन्हा वापरले जाई. नीलची प्रकाशयोजनेची जाण आणि रॅथबोनची एकाग्रता यांमुळे त्या घाईच्या कामातूनही काही चित्रपट सरस उतरले. त्यातच १९३९पासून नभोवाणीवर होम्सच्या श्रुतिका सुरू होत्या. डॉयलनी लिहिलेल्या होम्सकथा छप्पन्न आणि कादंबऱ्या चार. त्यांच्या कितीतरी पट मजकूर रॅथबोनच्या मुखातून होम्स म्हणून बाहेर पडला.

सोबतीला होता वॉटसन झालेला नायजेल ब्रूस. तोही पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेला सैनिक. त्याने वॉटसनला भाबडा, धांदरट, विनोदी केले. डॉयलचा वॉटसन असा नाही, ही जाणकारांची तक्रार रास्त आहे. पण या जोडीत जी ऊब होती ती खोटी नव्हती, कारण पडद्याबाहेरही दोघांची मैत्री दाट होती. रॅथबोनच्या नकाराने ती मैत्री काही काळ तरी दुखावली गेली, हा त्या निर्णयाचा एक महसूल त्याला भरावा लागला.

आणि नकार द्यावा असे त्याला का वाटले असेल? रस्त्यात भेटणारे लोक त्याला त्याच्या नावाने हाक मारीत नसत. सही मागणाऱ्याला सही हवी असे ती होम्सची. ज्याने कॅशियस आणि ब्राउनिंग रंगविले होते, दोनदा ऑस्करच्या दारापर्यंत जो पोहोचला होता, त्याला चौपन्नाव्या वर्षी तेच संवाद आणि तेच अचूक तर्क उच्चारीत राहायचे होते. कलावंत म्हणून आपण वाढणे थांबलो आहोत, ही जाणीव ज्याला झाली त्याने पगाराकडे पाहून गप्प बसावे, असे फार तर व्यवहार सांगेल.

नकारानंतर

प्रारंभी या धाडसाला फळ आले. १९४७च्या सप्टेंबरमध्ये 'द एअरेस' हे नाटक ब्रॉडवेवर आले. हेन्री जेम्सच्या कादंबरीवर आधारलेल्या या नाटकात रॅथबोनने न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित, थंड रक्ताच्या डॉ. स्लोपरची भूमिका केली. मुलीवरचे प्रेम आणि तिच्याविषयीचा तिरस्कार एकाच आवाजात बोलणारा बाप उभा करणे सोपे नव्हते. त्याबद्दल १९४८मध्ये त्याला रंगभूमीवरील सर्वोत्कृष्ट अभिनयाचे 'टोनी' पारितोषिक मिळाले. त्या वर्षी ते हेन्री फोंडा आणि पॉल केली यांनाही विभागून देण्यात आले होते. होम्सवाचून आपण उभे राहू शकतो, हे त्याने सिद्ध केले होते. परंतु १९४९मध्ये त्या नाटकाचा चित्रपट निघाला तेव्हा डॉक्टरची भूमिका राल्फ रिचर्डसनला मिळाली. स्वतः सोडून आलेल्या हॉलिवुडला आता त्याची फारशी गरज नव्हती.

हळूहळू कामे तुटक होत गेली. अखेर ज्याला टाकून तो आला होता, त्याच्याच दाराशी त्याला जावे लागले. पत्नी उइडाने 'शेरलॉक होम्स' हे नाटक लिहिले आणि ३० ऑक्टोबर १९५३ रोजी ब्रॉडवेवर त्याचा पहिला प्रयोग झाला. वॉटसन म्हणून ब्रूस हवा होता, पण तो आजारी होता आणि पडदा उघडण्याच्या तीन आठवडे आधी, ८ ऑक्टोबरला, निवर्तला. नाटक तीन प्रयोगांत बंद पडले. ज्या भूमिकेवर लक्षावधी लोक लुब्ध होते, ती प्रत्यक्ष पाहायला त्यांना तिकीट काढून यावेसे वाटले नाही. नट बासष्टीकडे झुकला होता. प्रेक्षकांना हवा होता तो १९३९चा होम्स.

तो होम्स त्यांना लवकरच घरबसल्या मिळू लागला. दूरचित्रवाणीच्या केंद्रांना कार्यक्रमांची भूक होती आणि स्टुडिओंनी जुने चित्रपट त्यांना विकले. नवी पिढी रॅथबोनला ओळखू लागली ती या पुनःप्रक्षेपणातून. या विक्रीतून त्यातील नटांना काय मिळाले? १९६० साली अमेरिकेतील चित्रपटनटांच्या संघाने संप केला तो याच प्रश्नावर. तडजोड झाली ती अशी, की १९६०पासूनच्या चित्रपटांतील नटांना पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मिळावा. १९४८ ते १९६० या काळातील चित्रपटांबद्दल निर्मात्यांनी संघाच्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीला एकरकमी भर घालावी. आणि १९४८पूर्वीच्या चित्रपटांवरचा हक्क नटांनी सोडून द्यावा. रॅथबोनचे होम्सपट सगळे १९४६पर्यंतचे. म्हणजे घरोघरी त्याचा चेहरा दिसत होता, जाहिरातदार आणि केंद्रचालक त्यावर कमावीत होते, आणि खुद्द रॅथबोन त्या कमाईच्या हिशेबाबाहेर होता. भूमिकेने नटाला गिळले, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. ते गिळणे केवळ मानसिक नव्हते, त्याला करारातील कलमांचा आधार होता, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

उत्तरायुष्यात त्याने मिळेल ते काम केले. १९५५च्या 'द कोर्ट जेस्टर'मध्ये डॅनी के या विनोदी नटासमोर त्याने आपल्याच तलवारबाज खलनायकांची मजेदार नक्कल केली. एडगर ॲलन पोच्या कथाकवितांचे वाचन ध्वनिमुद्रित केले. एकपात्री कार्यक्रम घेऊन तो अमेरिकेतील गावोगावी आणि महाविद्यालयांतून फिरला. शेक्सपिअर, ब्राउनिंग, पो यांच्याबरोबर होम्सचाही अंश त्यात असे. १९६२मध्ये 'इन अँड आउट ऑफ कॅरॅक्टर' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातही होम्सविषयीचे प्रेम आणि रोष शेजारी शेजारी नांदतात. त्याच वर्षांत स्वस्त भयपट आणि सामान्य विनोदी चित्रपट त्याने पत्करले. २१ जुलै १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याचा एक चित्रपट मृत्यूनंतर, १९६८मध्ये, प्रदर्शित झाला.

निर्माता आणि नट

या हकीकतीत आणखी एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. डॉयलनाही होम्स असाच असह्य झाला होता. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना होम्समुळे न्याय मिळत नाही, असे वाटून त्यांनी १८९३ साली त्याला स्वित्झर्लंडमधील धबधब्याच्या कड्यावरून ढकलून दिले. वाचक संतापले, मासिकाचे वर्गणीदार गळाले, आणि दहा वर्षांनी डॉयलनी त्याला पुन्हा जिवंत केले. लेखक आणि नट दोघेही या मानसपुत्रापुढे हरले. पण दोघांच्या हरण्यात फरक आहे. डॉयलच्या हाती लेखणी होती आणि पुस्तकांचे हक्क होते. होम्सला मारणे आणि जिवंत करणे, दोन्हींचा मोबदला त्यांना मिळाला. रॅथबोनच्या हाती केवळ स्वतःचा देह होता. तो होम्सला मारू शकत नव्हता, फक्त त्याला सोडून जाऊ शकत होता. आणि तो गेल्यावर नभोवाणीवरचा होम्स दुसऱ्या नटाच्या आवाजात बोलतच राहिला.

तेव्हा रॅथबोन चुकला काय? हॉलिवुडमध्ये राहता तर आणखी दहा होम्सपट झाले असते आणि म्हातारपण अधिक सुखात गेले असते, हा हिशेब बरोबर आहे. पण मग 'द एअरेस'मधील डॉ. स्लोपर झाला नसता. हे नाटक पाहिलेला प्रेक्षक आज जवळपास उरलेला नाही आणि त्या अभिनयाचा पुरावा केवळ पारितोषिकाच्या नोंदीत आहे. म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. नटाने काय करावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्याचा स्वतःचा. प्रेक्षकांच्या प्रेमात मायेबरोबर मालकीही असते, आणि मालकीचा तो भाग नाकारणाऱ्या कलावंताला कृतघ्न म्हणण्याची घाई समाज नेहमीच करतो. रॅथबोनने किंमत मोजून तो अधिकार बजावला. फळ कमी मिळाले म्हणून अधिकार खोटा ठरत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ज्या चित्रपटांना तो कारखानी माल समजत असे, त्यांचे पुढे अभिलेखागारात जतन आणि पुनरुज्जीवन झाले. १९५९मध्ये पीटर कुशिंग, १९८४पासून दूरचित्रवाणीवर जेरेमी ब्रेट असे अनेक मातबर होम्स येऊन गेले. ब्रेट मूळ कथांशी अधिक प्रामाणिक, असे जाणकार मानतात, आणि ते खोटे नाही. २०१०मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने होम्सला पुन्हा चालू काळात आणले तेव्हा त्या प्रयोगाच्या नवलाईची बरीच चर्चा झाली. युनिव्हर्सलने तो १९४२मध्येच करून ठेवला होता. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या मराठी वाचकालाही डोळ्यांपुढे चेहरा आणायला सांगितला, तर तो बहुधा याच कुळातला असेल.

१९८६ साली वॉल्ट डिस्ने संस्थेने एका गुप्तहेर उंदराची कथा चित्रपटात आणली. बेकर स्ट्रीटवरील होम्सच्या घराखाली राहणारा तो उंदीर. ज्या बालकथांवर तो चित्रपट आधारलेला होता, त्यांच्या लेखिकेने उंदराचे नाव बॅझिल ठेवले होते, रॅथबोनवरूनच. चित्रपटात वरच्या मजल्यावरील खऱ्या होम्सची फक्त सावली दिसते आणि त्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज रॅथबोनचा आहे. १९६६ साली त्याने केलेल्या एका होम्सकथेच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला. त्याला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. चित्रपटगृहात बसलेल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तो आवाज होम्सचाच आहे याविषयी त्यांच्यापैकी एकालाही शंका आली नसेल.